सवलतींचे राजकारण (लेखांक ७) : भांडण ढोंगाचे, एकमत तिजोरीचे

मागच्या लेखांकात आपण सामूहिक प्रोत्साहन योजनेची यंत्रणा पाहिली. १९६४ पासून चालत आलेली ही योजना राज्यातल्या भागांचे विकासानुसार गट पाडते आणि मागास भागात कारखाना काढणाऱ्याला जास्त सवलत देते. आज या सवलतीचा मोठा भाग राज्य जीएसटीच्या परताव्याचा असतो. कारखान्याने भरलेल्या करातला ठरावीक हिस्सा ठरावीक वर्षे त्यालाच परत मिळतो. प्रकल्प फारच मोठा असेल तर मंत्रिमंडळ त्याच्यासाठी वेगळे पॅकेज शिवून देते.

ही यंत्रणा सर्व पक्षांनी आलटून पालटून चालवली आहे. तरीही दर दोन-तीन वर्षांनी तिच्यावरून महाराष्ट्रात कडाक्याचे भांडण होते, आणि ते बहुधा एकाच वळणावर जाते : ‘तुम्ही सत्तेत होतात तेव्हा काय केलेत?’ आपले ठेवायचे झाकून आणि दुसऱ्याचे पाहायचे वाकून, हा आरोप दोन्ही बाजू एकमेकींवर करतात आणि पुष्कळदा दोन्ही बाजू खऱ्या असतात. मग ऐकणाऱ्याने निवाडा कसा करायचा? त्यासाठी तीन प्रकरणे पाहू. पहिले गुहागरचे, दुसरे राजापूरचे आणि तिसरे मावळातले.

एन्रॉन : टीकाकार बदलला, टीका बरोबरच राहिली

८ डिसेंबर १९९३ ला शरद पवार मुख्यमंत्री असताना राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या गुहागरातल्या दाभोळ पॉवर कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. स्पर्धात्मक निविदा निघाली नव्हती. वीज लागो न लागो, मंडळाने ठरलेली रक्कम भरायचीच होती, आणि मंडळाला जमले नाही तर राज्य सरकारची हमी व तिच्या मागे केंद्राची प्रतिहमी होती. प्रकल्प परवडणारा नाही असे सांगून जागतिक बँकेने १९९३ मध्येच कर्ज नाकारले होते.

१९९५ च्या निवडणुकीत गोपीनाथ मुंडे यांनी एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा केली. शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली, मुंडे उपमुख्यमंत्री झाले, त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने कराराची चिरफाड केली आणि ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्द झाला. नोव्हेंबरात एन्रॉनच्या रिबेका मार्क बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या. जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारने फेरवाटाघाटी करून प्रकल्पाला पुन्हा मान्यता दिली. प्रकल्पाची क्षमता तर आधीपेक्षा वाढली. मे १९९६ मध्ये अटलबिहारी वाजपेयी यांचे तेरा दिवसांचे सरकार जाण्याच्या आदल्या दिवशी केंद्राच्या प्रतिहमीवरही शिक्कामोर्तब झाले.

पुढे काय झाले ते वीजबिल भरणाऱ्या प्रत्येकाने भोगले. २००० साली काही काळ दाभोळची वीज युनिटमागे सात रुपयांच्या पुढे गेली, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि माधव गोडबोले समितीने या साऱ्या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले.

युतीच्या कोलांटउडीवर काँग्रेसने यथेच्छ टीका केली, आणि ती रास्त होती. पण तिचा एक सोयीस्कर परिणामही झाला. मुंडेच फिरले म्हटल्यावर मुंडे यांनी आधी मांडलेले आक्षेपही खोटे होते, असे वातावरण तयार झाले. प्रत्यक्षात निविदा नसणे, वीज न घेताही पैसे भरावे लागणे, हमीवर हमी चढवणे हे सगळे आक्षेप १९९३ मध्ये खरे होते, १९९५ मध्ये खरे होते आणि २००१ मध्ये तर सिद्धच झाले. टीका करणारा ढोंगी निघाला म्हणून टीका खोटी ठरत नाही. पक्षांच्या भांडणात ही साधी गोष्ट सर्वांत आधी हरवते.

रिफायनरी : खुर्चीप्रमाणे बाजू

राजापूर तालुक्यातल्या नाणारच्या रिफायनरीसाठी भूसंपादनाची अधिसूचना मे २०१७ मध्ये निघाली, तेव्हा उद्योगमंत्री शिवसेनेचे सुभाष देसाई होते. पुढे त्याच शिवसेनेने विरोधाचा झेंडा घेतला, देसाई यांनीच अधिसूचना रद्द करण्याची घोषणा केली, आणि लोकसभेच्या तोंडावर फेब्रुवारी २०१९ मध्ये भाजपने युतीसाठी ही मागणी मान्य केली. जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून बारसूची पर्यायी जागा सुचवली. मे २०२३ मध्ये, सत्ता गेल्यावर, तेच बारसूच्या आंदोलकांना भेटायला गेले.

शिंदे-फडणवीस सरकारने ते पत्र दाखवायला सुरुवात केली. ठाकरे यांचे म्हणणे असे की, स्थानिकांचा पाठिंबा आहे या माहितीवर पत्र लिहिले होते. लोकांना नको असेल तर आपल्यालाही नको. हे उत्तर तपासून पाहण्यासारखे होते. पण पत्र दाखवणाऱ्यांची बाजूही तितकी स्वच्छ नव्हती. पत्र लिहिले गेले तेव्हा एकनाथ शिंदे आणि उदय सामंत दोघेही ठाकरे यांच्याच मंत्रिमंडळात होते.

या गदारोळात माळरानावर बसलेल्या बारसू-सोलगावच्या बायाबापड्यांचा प्रश्न मागे पडला. त्या विचारत होत्या माती, पाणी, आंबा आणि मासळीचे काय होणार. वर्तमानपत्रांचे मथळे मात्र पत्र कोणी, कधी आणि का लिहिले यावर अडले होते.

तळेगाव : ३९ हजार कोटींवर कोणीच भांडले नाही

१३ सप्टेंबर २०२२ ला वेदांत आणि फॉक्सकॉन यांनी गांधीनगरला गुजरात सरकारशी सामंजस्य करार केला. गुंतवणूक १ लाख ५४ हजार कोटी, रोजगार एक लाख असे सांगितले गेले. हा सेमीकंडक्टर प्रकल्प मावळातल्या तळेगावात येणार अशी तोवर चर्चा होती. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्रात रणधुमाळी सुरू झाली.

आदित्य ठाकरे यांचा दावा होता की, महाविकास आघाडीच्या काळात प्रकल्प जवळपास पक्का झाला होता आणि नव्या सरकारने तो गुजरातला जाऊ दिला. महिना संपायच्या आत त्यांनी तळेगावात मोर्चाही काढला. सत्ताधाऱ्यांचे उत्तर होते की, कंपनीचा अर्ज जानेवारी २०२२ मध्ये येऊनही आघाडी सरकारने पॅकेजची शिफारस करणाऱ्या उच्चाधिकार समितीची बैठक घेतली नाही. ती आपण जुलैत, सत्तेवर आल्याबरोबर घेतली आणि भरघोस पॅकेज दिले. वेदांतचे अनिल अग्रवाल यांनी सांगितले की, गुजरातचा निर्णय काही महिने आधीच झाला होता, पण जुलैत महाराष्ट्राने इतरांवर मात करणारा प्रस्ताव ठेवण्याचा मोठा प्रयत्न केला. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने उद्योग बाहेर गेल्याच्या प्रकरणांवर श्वेतपत्रिकाही मांडली. तिचा रोख अर्थातच आधीच्या सरकारवर होता.

आता या भांडणात कशाची चर्चा झाली नाही ते पाहा. महाराष्ट्राने देऊ केलेले पॅकेज सुमारे ३९ हजार कोटींचे होते. म्हणजे सांगितलेले सगळे एक लाख रोजगार खरे धरले तरी एका रोजगारामागे ३९ लाख रुपये. राज्याच्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या मुलासकट, तीन हजारांहून जास्त. ही रक्कम एकदम रोखीने द्यायची नव्हती आणि कारखाना आलाच नसता तर परताव्याचा करही जमा झाला नसता, हे खरे आहे. पण भांडवली अनुदान, स्वस्त जमीन, स्वस्त वीज यांचा खर्च खराच असतो. ‘एवढे द्यावे का?’ असे ना सत्ताधारी मोठ्याने विचारत होते, ना विरोधक. दोघांची चढाओढ ‘आम्ही जास्त दिले होते’ हे सिद्ध करण्याची होती.

पलीकडेही तेच. केंद्राच्या ७६ हजार कोटींच्या सेमीकंडक्टर योजनेत प्रकल्पखर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत मदत होती. गुजरातने जुलै २०२२ च्या अखेरीस आणलेल्या धोरणात केंद्राच्या मदतीच्या आणखी ४० टक्के राज्याकडून देऊ केले. बेरीज केली तर शंभर रुपयांच्या कारखान्यात सत्तर रुपये जनतेचे. शिवाय पहिल्या २०० एकर जमिनीवर ७५ टक्के अनुदान, विजेवर युनिटमागे दोन रुपयांची सूट. दोन राज्यांनी एकमेकांवर बोली चढवली की फायदा बोली लावणाऱ्यांचा होत नाही, ज्याच्यासाठी बोली लागते त्याचा होतो.

आणि शेवट? १० जुलै २०२३ ला फॉक्सकॉन या भागीदारीतून बाहेर पडली. ज्याच्यावरून दोन पक्षांनी एकमेकांना महाराष्ट्रद्रोही ठरवले, तो संयुक्त कारखाना तळेगावात झाला नाही आणि गुजरातमध्येही झाला नाही. पुढे गुजरातच्या धोलेऱ्यात जो चिप कारखाना मंजूर झाला तो टाटांचा.

याच तळेगावात त्याच काळात दुसरी गोष्ट घडत होती. जनरल मोटर्सने २००८ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यातले उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. तो चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकायचे ठरले होते. १५ जून २०२० ला ठाकरे सरकारने ग्रेट वॉलसह चीनशी संबंधित तीन कंपन्यांशी तळेगावसाठी सुमारे ५ हजार कोटींचे सामंजस्य करार केले. त्याच रात्री गलवानमध्ये भारत-चीन चकमक झाली आणि आठवड्याभरात करार ‘जैसे थे’ झाले. केंद्राची परवानगी मिळालीच नाही. २०२२ च्या मध्याला व्यवहार मोडला. हजारावर कामगारांच्या नोकऱ्यांचा वाद न्यायालयात गेला. जानेवारी २०२४ मध्ये कारखाना ह्युंदाईच्या ताब्यात आला, तोवर उत्पादन थांबून तीन वर्षे गेली होती. जो कारखाना अजून उभाच नव्हता त्याच्यासाठी मोर्चे आणि श्वेतपत्रिका निघाल्या. उभ्या कारखान्यातून घरी बसलेल्यांच्या वाट्याला तारखा आल्या.

एकमत कशावर आहे?

तीन प्रकरणांतून एक रीत हाती लागते. पक्ष ज्यावर भांडतात ते जरूर ऐकावे, पण ज्यावर ते भांडत नाहीत तिकडे जास्त लक्ष द्यावे. एन्रॉनमध्ये सगळ्यांनी कधी ना कधी हमी मान्य केली. रिफायनरीत सगळ्यांनी कधी ना कधी जागा सुचवली. तळेगावात पॅकेजचा आकडा सगळ्यांनाच अभिमानाचा वाटला. ढोंगाचा आरोप माणसाबद्दल असतो, करार मात्र पैशांबद्दल असतो. माणसाबद्दल बोलत राहिले की करार वाचायची वेळच येत नाही, आणि हे दोन्ही पक्षांच्या सोयीचे आहे.

भूमिका बदलणे हेच पाप, असेही मानू नये. नवी माहिती मिळाली, लोकांचा विरोध कळला, किंमत बदलली तर नेत्याने मत बदललेच पाहिजे. फक्त काय बदलले म्हणून मत बदलले, हे त्याला सांगता आले पाहिजे. खुर्चीखेरीज काहीच बदलले नसेल, तर ते ढोंग.

कुरवंड्यात ही पट्टी लावली तर

या रीतीची परीक्षा घेण्यासाठी मोठ्या प्रकल्पाचीच गरज नाही. मावळातच नागफणीच्या कुशीतल्या कुरवंडे गावच्या बाजूला टायगर पॉइंट, लायन्स पॉइंट हे लोणावळ्याचे गाजलेले कडे आहेत. इथे काचेचा स्कायवॉक उभारण्यासाठी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात ३३३ कोटी ५६ लाख रुपयांचा प्रकल्प जाहीर केला. पैसा सरकारचा, आणि फायदा होणार पर्यटनाच्या धंद्याचा. म्हणजे ही उद्योगाला दिलेली मदतच आहे, फक्त तिला कर परताव्याचे रूप नाही.

त्याच वर्षी ३० जूनला, लोणावळ्याहून कुरवंड्याकडे येणाऱ्या वाटेवरच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतरच्या कारवाईत भुशीच्या वाटेवरची दुकाने-टपऱ्या अतिक्रमण म्हणून हटवली गेली. सुरक्षितता हवीच. पण कणीस, भजी आणि चहा विकणाराही पर्यटन उद्योगातच असतो, आणि अर्थसंकल्पात त्याच्यासाठी पॅकेज नसते.

मावळात हा विषय निघाला की गप्पा आमदार कोणाचा, श्रेय कोणाचे, मागच्यांनी काय केले याकडे वळतात. ग्रामसभेत विचारण्यासारखे प्रश्न वेगळे आहेत. एकूण रकमेत बांधकाम किती आणि दरवर्षीची देखभाल किती, ती कोण करणार? तिकिटाचे उत्पन्न कोणाकडे जाणार, ग्रामपंचायतीचा वाटा लेखी आहे का? वाहनतळ, पाणी, कचरा यांचा भार कोण उचलणार? आज तिथे धंदा करणाऱ्या गावकऱ्यांना गाळे मिळणार का, आणि कोणत्या भाड्याने? ठेकेदाराने अटी पाळल्या नाहीत तर वसुलीची तरतूद काय? आणि हा सगळा कागद गावाला वाचायला कधी मिळणार?

यातल्या एकाही प्रश्नाला पक्ष नाही. त्यामुळे कोणी विचारले तर ‘तू कोणाचा माणूस?’ हे उत्तर पुरत नाही, आकडा द्यावा लागतो. ज्याला आकडा द्यायचा नसतो तो समोरच्याचा पक्ष विचारतो, एवढे ओळखता आले तरी या भांडणांतले अर्धे धुके निवळेल.

(पुढील लेखांकात : सहकारी साखर कारखान्यांना मिळणारी सरकारी थकहमी. ती कशी चालते, आणि कर्ज थकले की बोजा कोणावर येतो.)