सरावासाठी काडतूस निवडताना
केमसारख्या गावात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बारा बोअर बंदूक असते, पण सरावाला नेमके कोणते काडतूस घ्यावे हे कोणी सांगत नाही.

आधी बंदुकीच्या कप्प्याची लांबी पाहावी. जुन्या दुनळीत ती बहुधा 65 मिलिमीटर असते, नवीत 70. काडतुसावरची लांबी ही ते उडून तोंड उघडल्यानंतरची असते. म्हणून 70चे काडतूस 65च्या कप्प्यात सहज बसते आणि तिथेच फसगत होते! तोंड उघडायला जागा उरत नाही, दाब वाढतो, बंदुकीला आणि माणसाला धोका होतो. शंका असेल तर परवानाधारक कारागिराकडून कप्पा मोजून घ्यावा.

सरावाला बारीक छरे आणि हलका भार पुरतो. ऑलिंपिक ट्रॅप नेमबाजीतही 24 ग्रॅमच छरे असतात. धक्का कमी बसला की नवशिक्याचा खांदा बिचकत नाही. मोठे एलजी छरे सरावाला नकोतच. बारीक छरे साधारण दोनशे मीटरवर पडतात, एलजी त्याच्या कितीतरी पुढे जातात आणि आपल्या सपाट माळावर पुढच्या वस्तीत माणसे असतात. सराव मान्यताप्राप्त रेंजवरच करावा.

पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली ‘शक्तिमान’ काडतुसे अनेकांच्या ओळखीची आहेत. त्यांच्याही खोक्यावरची लांबी आणि छऱ्याचा क्रमांक वाचूनच घ्यावीत.