ठासणीची की काडतुसाची?

भोर-वेल्ह्याकडे भात निसवू लागले की रानडुकरांपासून राखण सुरू होते. तेव्हा ‘ठासणीची’ आणि ‘काडतुसाची’ हे शब्द हटकून कानी पडतात. शहरातल्या मित्रांसाठी त्यांचा हा खुलासा.

ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू, बोळा, छर्रे घालून गजाने ठासतात आणि मागे केप बसवतात. चाप ओढला की घोडा केपवर आपटतो, ठिणगी दारूला भिडते. काडतुसात हे सारे एकाच नळकांड्यात तयार असते. इंग्रज सैन्याने १८६६ पासून ठासणीच्या एन्फील्ड रायफली मागून कापून काडतुसाच्या केल्या, त्या स्नायडर. परदेशात जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृतींनाही आज काडतुसाचे चक्र बसवता येते. हत्यार तेच, भरण्याची वाट निराळी!

मग आमच्याकडे ठासणी का टिकली? १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी तिचा उल्लेख आहे. परंतु तिच्यात दारूचे माप हाताच्या अंदाजावर. ओल लागली तर बार फुसका, जास्त पडली तर नळी फुटण्याची भीती. शिवाय परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे.

माझ्या वडिलांना डुक्कर मारायचे नसते, हुसकायचे असते. त्याला एक बार पुरतो. माझी फी त्याच भातातून येते.