‘पारध’ : शब्द, विद्या आणि वारसा

मराठीत शिकारीस तीन शब्द आहेत आणि तिन्हींची कुळे निराळी आहेत. ‘मृगया’ हा संस्कृत शब्द राजेलोकांचा. ‘शिकार’ फारसीतून दरबारात आला व पुढे साहेबांच्या छावणीत स्थिरावला. ‘पारध’ हा मात्र त्या विद्येवर पोट भरणाऱ्यांचा. पहिल्या दोहोंचा अभिमान उघडपणे मिरविता येत असे. तिसऱ्याचे तसे नव्हते.

बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘पारद्धि’ हे रूप ‘पापर्द्धि’पासून, म्हणजे ‘पापाची वृद्धी’ या अर्थाच्या शब्दापासून साधले आहे. मधल्या ‘प’चा ‘र’ होणे हे नित्याचे ध्वनिपरिवर्तन नव्हे. त्यासाठी त्यास स्वतंत्र सूत्र करावे लागले. येथे व्युत्पत्तीपेक्षा नीतिविचारच अधिक बोलतो, असे मला वाटते. शके 1212 मध्ये (इ. स. 1290) अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीतही, सोळाव्या अध्यायात, आसुरी वृत्तीच्या वर्णनातच पारध्याचा दृष्टान्त येतो. गंमत अशी की, निंदेच्या त्या ओघातही फास, जाळी, कुत्री, ससाणे हे त्याचे साहित्य नेमकेपणाने नोंदले गेले आहे.

या जिल्ह्यातील फासेपारध्यांची घरची बोली मराठी नव्हे. ग्रियर्सनने आपल्या भाषिक पाहणीच्या 1907 सालच्या खंडात पारधी बोली भिल्ल गटात घातली असून तिची गुजरातीशी जवळीक स्पष्ट आहे. कर्जत-श्रीगोंद्याच्या माळावर काळविटांसाठी फास मांडावयाचे, शिकविलेल्या गाईच्या आडोशाने सावजाजवळ जावयाचे, तितर-लाव्यांची वाट ओळखावयाची, ही विद्या बापामागून चालत मुलगा शिके. वस्तू आणि तिचा शब्द त्यास एकदमच मिळत. माधव गाडगीळ व कैलास मल्होत्रा यांनी दाखविले आहे की, पश्चिम महाराष्ट्रातील भटक्या जमातींनी सावजे जणू वाटून घेतली होती : नंदीवाले कुत्र्यांनी रानडुक्कर व साळिंदर धरीत, वैदू मुंगूस-उदमांजरासारखे लहान प्राणी पकडीत, फासेपारधी हरणे व पक्षी. फासात सापडलेली गाभण मादी ते सोडूनही देत. पारध्याचा अभिमान केवळ नेमबाजीचा नव्हता. काय धरू नये हे ठाऊक असण्याचाही तो होता, आणि पुढच्या पिढीस द्यावयाचे खरे धन तेच होते.

त्यावर दोन कायदे आले. त्यांत गल्लत करू नये. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, जो 1911 नंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला, जन्मासच गुन्हा ठरविले. तो 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला, पण संशय रद्द झाला नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची गोष्ट वेगळी. बंदुकीने व नांगराने माळ ओसाड केल्यावर काळवीट वाचविणे अवश्यच होते. कर्जत तालुक्यात 1980 साली झालेले रेहेकुरी अभयारण्य अवघे 2.17 चौरस किलोमीटरचे आहे, यावरून उरलेल्या जागेचा अंदाज यावा. मात्र फास गेला तसे त्याभोवतीचे शब्दही निराधार झाले. आता पारध्याच्या मुलास आजोबांचा व्यवसाय सांगावयाचा तर कायद्याने निषिद्ध कृत्य सांगावे लागते, आणि न सांगावे तर ‘पारधी’ या नावाचा पोलिसी अर्थच तेवढा हाती राहतो.

शिकार पुन्हा सुरू करणे शक्य नाही व इष्टही नाही. माग ओळखण्याचे ज्ञान मात्र निषिद्ध नाही. मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोशा’त रानातल्या लोकांच्या तोंडची नावे आदराने नोंदली, हा मार्ग आपल्यापुढे आहे. त्यात आमच्यासारख्या अभ्यासकांनी एक सावधगिरी बाळगावयास हवी. ‘हा प्राणी तुम्ही कसा धरता?’ असे वृद्ध पारध्यास विचारले तर तो गप्प बसतो. हाच प्रश्न त्याने गणवेशातील माणसांकडून ऐकलेला असतो. त्यापेक्षा त्याच्याबरोबर माळावर जावे, धुळीतला ठसा दाखवून तो कालचा की आजचा, हे विचारावे, आणि लिहून घेण्याची वही त्याच्या नातवाच्या हाती द्यावी.