घडी की कात्री?

मुलांनो, आजीची नऊवारी साडी केवढी लांब असते! पण नीट घडी घातली की छोट्याशा पेटीत मावते. घडी उलगडली की पुन्हा अख्खी साडी. एक धागासुद्धा कमी झालेला नसतो. पण कुणी म्हणालं, "पेटी लहान आहे, साडीचा थोडा भाग कापूनच टाकू या," तर? आजी रागावेल की नाही?

कॉम्प्युटरमध्ये आणि मोबाइलमध्ये गाणी ठेवतानाही अशाच दोन युक्त्या वापरतात. एक घडीची, दुसरी कात्रीची.

सीडीवरचं गाणं म्हणजे नुसते आकडे, बरं का! आवाज दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात. तोही डावा आणि उजवा असा दोनदा. एका मापाला २ बाइट जागा लागते. करा पाहू गुणाकार! ४४,१०० × २ × २ = १,७६,४०० बाइट. आणि हे फक्त एका सेकंदाचे! ५ मिनिटांच्या गाण्याला जवळजवळ ५३ मेगाबाइट लागतात.

आता घडीची युक्ती पाहा. वहीत 'ककककककगगगग' असं लिहिलंय. त्याऐवजी '६क४ग' लिहिलं तर? जागा वाचली, पण एकही अक्षर हरवलं नाही. २००१ साली आलेली 'फ्लॅक' ही पद्धत याहून हुशार आहे. पुढचं माप काय असेल याचा ती अंदाज बांधते आणि अंदाज जेवढा चुकला, तेवढाच फरक लिहून ठेवते. गाणं साधारण निम्म्या जागेत बसतं. उलगडलं की मूळचे आकडे जसेच्या तसे!

कात्रीची युक्ती म्हणजे 'एमपीथ्री'. ढोल वाजत असताना घड्याळाची टिकटिक ऐकू येते का? नाही ना! मग जे कानाला कळणारच नाही, ते टाकून द्यायचं. ५३ मेगाबाइटचं गाणं ५ मेगाबाइटमध्येही बसवता येतं. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग हे जर्मन संशोधक या पद्धतीवर काम करत होते. सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचं 'टॉम्स डायनर' हे वाद्यांशिवाय गायलेलं गाणं त्यांनी कात्रीखाली घातलं, तर ते फार वाईट ऐकू आलं. सोबत वाद्यं नसली की आवाजातला दोष लपत नाही. म्हणून तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकून त्यांनी आपली पद्धत सुधारली.

मग एमपीथ्री वाईट का? मुळीच नाही. एस.टी.त बसून ऐकायला ती छान. पण कापलेलं परत मिळत नाही. एमपीथ्रीपासून पुन्हा एमपीथ्री केली की पुन्हा कात्री चालते. आणि एमपीथ्रीची फ्लॅक केली तर? फाइल मोठी होते, पण कापलेल्या साडीची घडी घातली म्हणून तुकडा थोडाच परत येतो!

बाजारातलं गाणं पुन्हा मिळू शकेल. पण आजीची जात्यावरची ओवी, आजोबांचं भजन, जुन्या कॅसेटवरचं ताईचं बोबडं बडबडगीत? ते जगात दुसरीकडे कुठंच नाही. म्हणून पालकांनो, कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवताना ती आधी वेव्ह किंवा फ्लॅकमध्येच घ्या.

करून पाहा

१. दोन फोल्डर करा : 'मूळ' आणि 'ऐकण्यासाठी'.
२. फ्लॅक प्रत 'मूळ'मध्ये ठेवा. नावात गाणं, गाणारी व्यक्ती आणि वर्ष लिहा. या फाइलमध्ये काही बदलू नका.
३. तिच्यावरून एमपीथ्री करा आणि ती 'ऐकण्यासाठी'मध्ये ठेवा. हरवली तरी चिंता नाही, मूळावरून पुन्हा करता येईल.
४. रेकॉर्डिंग एमपीथ्रीमध्येच मिळालं असेल, तर तेच तुमचं मूळ. तसंच जपा.
५. 'मूळ' फोल्डरची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. घडी कितीही छान असली, तरी पेटीच हरवली तर काय उपयोग?

या सुटीत आजीला एक ओवी म्हणायला सांगा. घडी घालून ठेवा, कात्री मात्र लांब ठेवा!