'तिलावा' बुडवणारी, नेताजींना नेणारी

जपानी पाणबुडीच्या डेकवर खलाशांच्या घोळक्यात बसलेले सुभाषचंद्र बोस आणि सोबत त्यांचे सहकारी आबिद हसन. हा फोटो आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. तारीख २८ एप्रिल १९४३ची. पाणबुडीचं नाव 'आय-२९'. नेताजींच्या जवळजवळ प्रत्येक चरित्रात ती येते, त्यांना सबांगला सोडते आणि पुस्तकातून निघून जाते. त्याआधी ती काय करत होती, हे क्वचितच कुणी विचारतं. विचारलं तर उत्तर थेट मुंबईच्या बंदरात येऊन पोचतं.

'आय-२९' जपानी नौदलात दाखल झाली फेब्रुवारी १९४२मध्ये. 'बी-१' जातीची ही पाणबुडी सुमारे १०८ मीटर लांब होती. वाटेत इंधन न घेता १४,००० सागरी मैल जाण्याची तिची क्षमता होती. डेकवर एक छोटं विमानही असे. पंख मिटून ते नळकांड्यासारख्या हँगरमध्ये ठेवत आणि टेहळणीच्या वेळी बाहेर काढून, जोडून उडवत. मे १९४२मध्ये तिच्याच विमानाने सिडनी बंदराची पाहणी केली आणि आठवड्याभरात तिथे छोट्या पाणबुड्यांचा हल्ला झाला. सप्टेंबरात एडनच्या आखाताजवळ तिने चार मालवाहू जहाजं बुडवली. कमांडर होते जुइची इझु.

२० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून 'एस. एस. तिलावा' निघाली. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ही बोट दहा हजार टनांची होती आणि मोंबासा, मापुटोमार्गे दरबानला जायची होती. प्रवासी ७३२, खलाशी आणि इतर धरून माणसं ९५८. प्रवाशांत गुजराती कुटुंबं मोठ्या संख्येने होती. आफ्रिकेत दुकान, पेढी, नातेवाईक असलेली ही माणसं. तळाशी चांदीच्या २,३६४ विटाही होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने हिंदुस्थान सरकारकडून विकत घेतलेली ही चांदी तिकडच्या टांकसाळीत नाणी पाडण्यासाठी निघाली होती.

२३ तारखेच्या पहाटे, सेशेल्सच्या ईशान्येला सुमारे ९३० मैलांवर, 'आय-२९'चा पहिला टॉर्पेडो लागला. अंधारात एकच पळापळ झाली, बोटी खाली सोडताना काही उलटल्या. पण 'तिलावा' लगेच बुडाली नाही. त्यामुळे काही जण सामान घ्यायला परत जहाजावर चढले. त्यानंतर दुसरा टॉर्पेडो आला आणि जहाज तळाला गेलं. २८० माणसं मेली. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना दोन दिवसांनी 'बर्मिंगहॅम' या ब्रिटिश क्रूझरने समुद्रातून उचललं आणि २७ नोव्हेंबरला मुंबईत आणून उतरवलं.

यानंतर पाच महिन्यांनी तीच पाणबुडी, तेच इझु, आणि सोबत ताफ्याचे प्रमुख कॅप्टन मासाओ तेराओका. एप्रिलमध्ये 'आय-२९' पेनांगहून निघाली ती मादागास्करच्या आग्नेयेकडे, ठरलेल्या जागी. नेताजी फेब्रुवारीत कीलहून 'यू-१८०' या जर्मन पाणबुडीत चढले होते. कमांडर मुसेनबर्ग यांच्या या पाणबुडीत डिझेलचा वास आणि कोंदटपणा होता. वाटेत तिनेही 'कॉर्बिस' हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवलं. दोन्ही पाणबुड्या भेटल्या तेव्हा समुद्र इतका खवळलेला होता की अदलाबदल लांबली. शेवटी दोरीला धरून रबरी तराफ्यातून नेताजी आणि हसन पलीकडे गेले, नखशिखांत भिजून. उलट दिशेने दोन जपानी अधिकारी आणि बर्लिनच्या जपानी वकिलातीसाठी दोन टन सोनं गेलं. पेनांगला जपान्यांनी पाहुण्यांसाठी मसाले आठवणीने घेतले होते. महिनोन्महिने जर्मन शिधा खाल्लेल्या दोघांना ते मसालेदार जेवण किती गोड लागलं असेल! ६ मे रोजी 'आय-२९' सुमात्राजवळच्या सबांगला लागली.

इझुंच्या लेखी 'तिलावा' शत्रूची बोट होती आणि नेताजी मित्रराष्ट्राचे पाहुणे. नौदलाच्या हिशोबात यात विसंगती नाही. ती दिसते फक्त आपल्या बाजूने पाहिलं तर, आणि आपण त्या बाजूने पाहतच नाही, ही माझी तक्रार आहे. सबांगनंतर दोनच महिन्यांनी, १२ जुलैला, याच पाणबुडीने एडनच्या आखातात 'रहमानी' बुडवलं. हेही मुंबईच्या मोगल लाइनचं, हजयात्रेसाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचं जहाज.

पुढचा प्रवास युरोपचा. नवे कमांडर ताकाकाझु किनाशी म्हणजे 'वास्प' ही अमेरिकन विमानवाहू नौका बुडवणारे नामांकित अधिकारी. मार्च १९४४मध्ये ते व्याप्त फ्रान्समधील लोरियांला पोचले आणि एप्रिलमध्ये जेट व रॉकेट इंजिनं, आराखडे, संकेतयंत्रं घेऊन परत फिरले. जुलैच्या मध्यावर सिंगापूर आलं. तिथून तांत्रिक अधिकारी एइची इवाया काही आराखडे घेऊन विमानाने टोकियोला गेले. बाकी सगळा ऐवज पाणबुडीतच राहिला. अमेरिकनांनी जपानी संदेश फोडले होते. लुझोनच्या उत्तरेला 'सॉफिश' ही अमेरिकन पाणबुडी वाट पाहत होती. २६ जुलैला तिचे टॉर्पेडो लागले आणि 'आय-२९' बुडाली. किनाशींसह सगळे गेले, किनाऱ्यापर्यंत पोहत गेलेला एकच खलाशी वाचला. इवायांनी नेलेल्या कागदांच्या आधारे पुढे जपानने 'किक्का' हे जेट विमान उभं केलं. ते पहिल्यांदा उडालं ७ ऑगस्ट १९४५ला, युद्ध संपायला आठवडा उरला असताना.

इकडे 'तिलावा' अडीच किलोमीटर खोल पाण्यात पडून होती. २०१७मध्ये एका ब्रिटिश कंपनीने तिच्या पोटातल्या चांदीच्या विटा गुपचूप वर काढून साउदॅम्प्टनला नेल्या आणि त्या काढण्याचा मोबदला मागितला. दक्षिण आफ्रिकेने नकार दिला. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मे २०२४मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की सार्वभौम राष्ट्र म्हणून दक्षिण आफ्रिकेवर असा दावा चालत नाही. निकाल यायच्या आधीच दोन्ही पक्षांत समझोता झाला होता.