जुनं घर नवं करून विकताना

पुण्यात कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी अशा भागांत 1980 ते 1995च्या सुमारास बांधलेल्या तीन-चार मजली सोसायट्या जागोजागी दिसतात. मोझेकची फरशी, कडप्प्याचा ओटा, खिडक्यांना लोखंडी ग्रिल, लिफ्ट नाही. मूळ मालक सत्तरी ओलांडलेले. मुलं बाणेर-बालेवाडीला, नाहीतर परदेशात. असे फ्लॅट घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि नफ्यात विकायचे, असा व्यवसाय करणारे बरेच आहेत. स्थापत्य अभियंता म्हणून पहिल्या पाहणीपासून ताबा देईपर्यंत मी त्यांच्या कामात असतो. बाहेरून हे काम रंग, टाइल आणि मॉड्युलर किचनचं वाटतं. पैसा मात्र अडतो कागदांत, पाइपांत आणि सळयांत. घर बघायला आलेल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही.

मिस्त्री कामावर येण्याआधीच किती खर्च होतो, ते बघा. समजा फ्लॅट 60 लाखांचा आहे. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 4 लाख 20 हजार. नोंदणी फी 30 हजार. सोसायटीचं हस्तांतर शुल्क जास्तीत जास्त 25 हजार. एजंटला एक टक्का धरला तरी 60 हजार. एकही फरशी न बदलता 5 लाख 35 हजार संपले. फ्लॅटचे सगळे 60 लाख 9 टक्के व्याजाने उचलले असतील तर दर महिन्याला 45 हजार व्याज. शिवाय 24 महिन्यांच्या आत विकलं तर नफा अल्पकालीन धरून उत्पन्नात मिळवला जातो आणि नेहमीच्या स्लॅबने कर लागतो. नियमित धंदाच असेल तर ते व्यवसायाचं उत्पन्न. त्यामुळे काम चार महिने लांबलं, तर ग्रॅनाइटवर जेवढं वाचवलं त्याच्या कितीतरी पट व्याजात जातं.

लांबतं ते बहुतेकदा कागदांमुळे. तीस वर्षांत घर दोन-तीन हातांतून गेलेलं असतं आणि एखादा जुना करारनामा सापडत नाही. मग पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल. वारसांचा प्रश्न याहून अवघड. वडील गेले, सोसायटीत नामनिर्देशन मुलाच्या नावावर आहे, तो विकायला तयार आहे. खरेदीदार विसार देऊन मोकळा होतो. पण नामनिर्देशनाने मालकी येत नाही. मृत्युपत्र नसेल तर आई आणि बहीणही वारस असतात, आणि बहीण न्यू जर्सीत असते. तिने हक्कसोडपत्र करून ते नोंदवायला हवं. तिला येता येत नसेल तर तिकडे केलेलं कुलमुखत्यारपत्र रीतसर साक्षांकित होऊन यायला हवं आणि इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायला हवा. भावाबहिणीत अबोला असला, तर हेच काम वर्षभर रखडलेलं मी पाहिलं आहे. विसार अडकतो, मिस्त्री दुसऱ्या साइटवर जातो.

क्षेत्रफळाचा घोळ विकताना उघडा पडतो. जुन्या करारात बिल्टअप आकडा असतो, आजचा खरेदीदार टेप लावून कार्पेट मोजतो. बाल्कनी कधीच भिंत घालून खोलीत घेतलेली असते. बँकेचा मूल्यांकन करणारा मंजूर नकाशा मागतो, त्यात ती खोली नसते. कर्ज कमी मंजूर होतं आणि ठरलेला भाव तिथेच घसरतो.

आता बांधकाम. पहिल्या पाहणीला मी लाकडी मुठीची छोटी हातोडी नेतो आणि छत ठोकत जातो. घट्ट काँक्रीटचा आवाज टणक येतो. जिथे पोकळ येतो, तिथे आत सळई गंजलेली असण्याची दाट शक्यता असते. गंज मूळ लोखंडापेक्षा खूप जास्त जागा घेतो, त्या दाबाने काँक्रीटला सळईच्या रेषेत तडा जातो आणि एक दिवस खालचा थर निखळून पडतो. अशा छताला पुट्टी मारून फॉल्स सीलिंग लावणं सोपं आणि स्वस्त असतं. योग्य पद्धत वेळखाऊ आहे: सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचं, तारेच्या ब्रशने गंज घासायचा, सळई फारच झिजली असेल तर जोडीला नवी बांधायची, गंजरोधक लेप द्यायचा, मग पॉलिमर मॉर्टरने थराथराने भरायचं आणि पाणी मारत राहायचं. अंदाजपत्रक करताना हे काम क्वचितच कोणी धरतं, कारण तेव्हा छतावर रंग असतो.

दुसरी जागा बाथरूम. जुने जीआय पाइप आतून गंजाने इतके भरलेले असतात की पाणी बोटभर धारेने येतं. नवा शॉवर लावला तरी दाब वाढत नाही. लाइनच बदलावी लागते आणि त्यासाठी भिंतीची टाइल फुटते. नहाणी ट्रॅपच्या कडेने झिरपणारं पाणी खालच्या घराच्या छतावर पिवळा डाग काढतं. नुसती वरची टाइल बदलून ते थांबत नाही. खालचा भराव स्लॅबपर्यंत काढून वॉटरप्रूफिंग, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा, ट्रॅपकडे नीट उतार आणि मग निदान दोन दिवस पाणी भरून ठेवणं, एवढं करावंच लागतं. त्या दोन दिवसांत खालच्या काकूंच्या घरी जाऊन छत बघून यायचं. त्या दार उघडून म्हणतात, ‘अहो, मागच्या मालकांना दहा वर्षं सांगत होते.’ व्यवहाराच्या वेळी ही गोष्ट विक्रेत्याने सांगितलेली नसते.

माणसांचंही गणित असतं. दुपारी दोन ते चार ड्रिल बंद, रविवारी काम बंद. लिफ्ट नसल्याने सिमेंटच्या गोण्या डोक्यावरून वर आणि राडारोडा पोत्यांतून खाली. मुकादमाने आठ बिगारी कबूल केलेले असतात, गावच्या जत्रेच्या आठवड्यात दोनच येतात. पावसाळ्यात भिंत सुकत नाही. सुकण्याआधी रंग दिला तर दिवाळीपर्यंत पोपडे धरतात. त्या भिंतीला थांबू देणं हा कामाचाच भाग आहे आणि वेळापत्रकात ते दिवस धरायलाच हवेत.

शेवटचा धक्का सोसायटीकडून येतो. आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि 30 वर्षांपुढे तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. अहवाल वाईट आला की सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा विषय निघतो. मग ज्या घरात आठ-दहा लाखांची दुरुस्ती ओतली, ते पाडायच्या यादीत जातं आणि नव्या टाइलचा एक रुपयाही कोणी मोजत नाही. हे टाळायचं असेल तर विसार देण्याआधी मागच्या दोन-तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं आणि ऑडिटचा अहवाल मागून वाचावा. त्याला खर्च काहीच नाही.

अंदाजपत्रक संपलं, व्याज चालू आहे, अशा वेळी डाग झाकून विकायचा मोह होतो. ज्यांनी तो आवरला त्यांचा एखाद्या घरातला नफा गेला, पण पुढची घरं त्यांच्या नावावर विकली गेली. जे झाकलं जातं, त्याची किंमत वीस वर्षांचं कर्ज काढून आलेलं एखादं कुटुंब मोजतं. हे मला कोणत्याही नफ्याच्या तोलात मान्य नाही.

म्हणून या व्यवसायात उतरणाऱ्यांना माझं सांगणं: दुरुस्तीच्या अंदाजावर किमान पंधरा-वीस टक्के राखीव ठेवा, आणि ते उरत नसतील तर व्यवहार सोडा. आणि नुकतंच चकचकीत केलेलं जुनं घर घेणाऱ्यांनी एवढं करा: काम चालू असतानाचे फोटो मागा, प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंगची बिलं मागा, खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा, आणि शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमधल्या मुसळधार पावसानंतर घर पुन्हा एकदा पाहा, मगच विसार द्या.