टक्कल वाढल्यावर औषध किती चालते?

पुरुषांच्या आनुवंशिक टकलावर आज प्रामुख्याने दोन औषधे वापरली जातात: डोक्याला लावायचे मिनॉक्सिडिल आणि पोटात घ्यायचे फिनास्टेराइड. दोन्हींची ताकद आहेत ते केस राखण्यात आहे. विशी-पंचविशीतच टाळू उघडी पडलेल्या तरुणाला नेमके हे ऐकायचे नसते.

टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी हे संप्रेरक तयार होते. आनुवंशिकतेने ज्यांची मुळे त्याला संवेदनशील असतात, त्यांचा केस दर फेरीला बारीक उगवतो, मग नुसती लव उरते, आणि पुढे तीही दिसेनाशी होते. वसई-विरार पट्ट्यात, गोखिवऱ्यासारख्या वस्तीत, केस गळू लागले की संशय बोअरच्या नाहीतर टँकरच्या पाण्यावर जातो. जड पाण्याने केस राठ होतील. पण कपाळाच्या कोपऱ्यांतून आणि भोवऱ्यापासून पसरणारे टक्कल पाण्याने पडत नाही. २०२५च्या आरंभी शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक गळाले, तो प्रकार निराळा. तिथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले होते.

फिनास्टेराइड रक्तातले डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी घटवते. अमेरिकेत १९९७ साली १ मिलिग्रॅमच्या गोळीला टकलासाठी परवानगी मिळाली. त्यामागच्या चाचण्यांत पाच वर्षांनंतरच्या छायाचित्रांवरून ४८ टक्के पुरुषांचे केस वाढलेले आणि ४२ टक्क्यांचे आहे तसे टिकलेले दिसले. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी ७५ टक्क्यांचे टक्कल वाढले. आकडे भुरळ घालतात. मात्र या चाचण्यांतले पुरुष १८ ते ४१ वयाचे आणि सौम्य ते मध्यम टकलाचे होते. टक्कल मोजण्याच्या नॉरवुड श्रेणीत ज्यांची अवस्था सहावी-सातवी, म्हणजे कानापासून कानापर्यंत मागून फक्त पट्टा उरलेला, त्यांना हे आकडे लावता येत नाहीत. गुळगुळीत झालेल्या जागी औषधाने दाट केस परतणे दुर्मीळ. बारीक झालेले केस जिथे अजून शिल्लक आहेत तिथेच, विशेषतः भोवऱ्याजवळ, थोडी भर पडते.

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचे औषध. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ते लावल्यावर केस उलट जास्त गळतात, आणि घाबरून बाटली बाजूला ठेवणारे पुष्कळ. परिणाम जोखायला चार ते सहा महिने लागतात. कोणतेही औषध थांबवले की मिळालेले केस पुन्हा जातात.

फिनास्टेराइड घेणाऱ्या थोड्या पुरुषांत कामेच्छा घटते, ताठरतेची अडचण येते. आत्महत्येचे विचार हा त्याचा दुष्परिणाम असल्याचे युरोपीय औषध यंत्रणेने २०२५मध्ये मान्य केले. त्यामुळे मित्राच्या सांगण्यावरून ही गोळी सुरू करणे धोक्याचे. मूल हवे असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगावे.

टक्कल फार पुढे गेले असेल तर उरतो केशरोपणाचा मार्ग. मागचे केस डीएचटीला सहसा दाद देत नाहीत आणि पुढे लावले तरी तो गुण टिकवतात, हे नॉर्मन ओरेन्ट्राइश यांनी १९५९ साली दाखवले. पण मागचा साठा मर्यादित असतो, आणि तरुणाचे टक्कल कुठवर जाईल याचा अंदाज बांधणे कठीण. शस्त्रक्रियेनंतरही बऱ्याच जणांना औषध चालू ठेवावे लागते, कारण लावलेल्या केसांभोवतीचे मूळचे केस गळतच राहतात.